मासा दाखवायला सिपनेवर

मेळघाटातून परत येऊन दहा दिवस झाले, पण शाळेत मला अजून कोणी सुखाने फळा पुसू देत नाही. ड्रॉइंग मास्तर विचारतात, वाघ दिसला का. हेडमास्तर विचारतात, चिखलदऱ्याला पांघरूण लागलं का. शिपाई विचारतो, अस्वल मोहाची फुलं खाऊन झिंगतं हे खरं का. मी तिघांनाही सांगितलं की वाघ, थंडी आणि अस्वल यांतल्या कशासाठीच मी गेलो नव्हतो. मी एका माळकरी म्हाताऱ्याला मासा दाखवायला गेलो होतो. हे ऐकून तिघंही आपापसांत बोलू लागतात. म्हणून जे कधी तिकडे गेले नाहीत, आणि माझ्यासारखं कारण घेऊन तर कोणीच गेलं नसेल, त्यांच्यासाठी हे सगळं एकदाचं लिहून टाकतो.

अंजनगाव सुर्जी

माझी थोरली बहीण अंजनगाव सुर्जीला दिली आहे. तिचं सासर बागाइतदार माळ्याचं. केळी, वांगी, मिरच्या आणि कडेने झेंडू, शेवंती. घरातल्या बायका पहाटे ओसरीवर बसून केळीच्या सोपटाच्या धाग्याने फुलं गुंफतात आणि ती एलिचपूर, चांदूर बाजारपर्यंत जातात. ताईचे सासरे आबाजी. वय सत्तरीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ, कमरेत किंचितही वाक नाही. हा माणूस जन्मात खोटं बोललेला नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याचं खोटं त्याला सोसत नाही. वांग्यात कीड असली तर गिऱ्हाईकाने टोपलीला हात लावायच्या आत आबाजी स्वतःच सांगतात. बाकीचे भाजीवाले त्यांच्या शेजारी दुकान मांडत नाहीत.

ताईची मुलगी सरू लग्नाची झाली होती. तिच्यासाठी मी स्थळ सुचवलं ते यशवंताचं. यशवंत अकोल्याला माझ्याच हाताखाली शिकला. पुढे शेतकी शिकायला स्कॉटलंडला गेला आणि दोन वर्षांनी परत आला. मुलगा आमच्याच जातीचा, निर्व्यसनी, देखणा. माघात आम्ही त्याला घेऊन अंजनगावला गेलो. पोहे झाले, सरू येऊन बसली, उठून गेली. आत जाऊन ताईला म्हणाली, हाच. इथपर्यंत सगळं छान होतं. मग आबाजींनी यशवंताला विचारलं की विलायतेत काय शिकलास.

आता सरळमार्गी मुलाने काय सांगावं? खत, बियाणं, नांगर. यशवंताने सुरुवातही तशीच केली. पण का कोण जाणे, बोलता बोलता तो नदीकडे वळला आणि एकदम त्याचे डोळे चमकायला लागले. तिकडे वसंतात बर्फ वितळतं, नद्या भरतात, पाण्यावर बारीक माशा उठतात आणि ट्राउट नावाचा मासा त्या खायला वर येतो. मग माणसाने मांडीपर्यंत बूट घालून पाण्यात उभं राहायचं, पिसांची खोटी माशी बनवून ती लांब काठीने अलगद पाण्यावर टेकवायची. मासा ती खरी समजून घेतो. यशवंत अर्धा तास बोलला. गळ्याशपथ सांगतो, मी पायाने त्याला तीनदा खुणावलं, आणि तिन्ही वेळा माझा पाय आबाजींना लागला.

आबाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं की मासा धरल्यावर त्याचं काय करता.

यशवंत म्हणाला, "सोडून देतो."

आबाजींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. धरता अन् सोडता? हो. खात नाही? लहान असला तर नाही. विकत नाही? नाही. मग त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. आबाजी पागोटं काढतात तेव्हा निकाल लागतो, हे ताईने मला नंतर सांगितलं.

"पिसाच्या माशीले मासा येते, अन् हा त्याले सोडून देते," ते मला म्हणाले. "मास्तर, हा पोरगा एक तं खोटा हाय, नाई तं येडा हाय. खोटा असन तं पोरगी देत नाई. येडा असन तं पाहू."

आणि अट पडली. यशवंताने आबाजींना, त्यांच्या डोळ्यांदेखत, खोट्या माशीने एक मासा धरून दाखवायचा. अक्षय तृतीयेच्या आत. तेवढ्यात जमलं नाही तर बार्शीटाकळीचं स्थळ पक्कं. त्या स्थळाला मी ओळखतो. काळ्याभोर जमिनीचा धनी, दारात बैलांच्या चार जोड्या आणि बोलायला विषय तेवढाच. सरूने दोन दिवस अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी जेवली, पण माझ्याशी बोलली नाही, कारण यशवंताला वेळेवर गप्प करायचं काम माझं होतं.

गाडीत बसण्याआधी

चैत्रात आमच्या वऱ्हाडात मासा कुठे शोधायचा, हा पहिला प्रश्न. स्कॉटलंडात वसंतात नद्या भरतात. आमच्याकडे वसंतात नद्या म्हणजे वाळू, आणि वाळूत खड्डा करून पाणी भरणाऱ्या बाया. पूर्णेच्या डोहांत जे काही उरतं ते म्हशींनी आधीच वाटून घेतलेलं असतं. यशवंताने नकाशा काढला आणि बोट ठेवलं ते मेळघाटात, सिपना नदीवर. तिथे बाराही महिने डोह असतात, पाणी थंड असतं, आणि साहेब लोक ज्याला महसीर म्हणतात तो मासा असतो. ट्राउट नसला तरी त्याचा लांबचा नातेवाईक समजा, असं यशवंत म्हणाला. आबाजी म्हणाले, नातं मी तपासणार नाही, मासा दिसला म्हणजे झालं.

निघायच्या आदल्या दिवशी यशवंताने आपली सामानाची पेटी अंजनगावच्या ओसरीवर उघडली. बांबूच्या चिरफळ्या जोडून केलेली तीन तुकड्यांची काठी, पितळी चाक, रेशमी दोर, टोकाला लावायची बारीक तात. सगळं शाबूत. मग त्याने खोट्या माशांची चपटी डबी उघडली आणि तिथेच मटकन बसला. डबीत कसर लागली होती. स्कॉटलंडहून आणलेल्या चाळीस माशांची पिसं किड्यांनी खाऊन टाकली होती आणि नुसते गळ उरले होते.

नव्या माशा बांधायला कोंबड्याची पिसं हवीत, असं तो बोलून गेला. माळकऱ्याच्या घरात. आबाजींनी कानाला हात लावले आणि विषय संपला. पण संध्याकाळी ताईने आतून एक पळसाचा द्रोण आणून दिला. त्यात गळ होते आणि प्रत्येक गळाला काहीतरी बांधलेलं होतं. सरूने आणि तिच्या काकूने दुपारभर बसून त्या बांधल्या होत्या. पिसांऐवजी सावरीचा कापूस, वाळलेल्या शेवंतीच्या पाकळ्या, झेंडूचे धागे, आणि सगळं केळीच्या सोपटाने, फुलाच्या वेणीची असते त्याच गाठीने आवळलेलं. गाठ अशी की दाताने ओढली तरी ढिली होत नव्हती.

यशवंताने एकेक उचलून पाहिली. माशी म्हणावी असं त्यात काहीही नव्हतं. या दोघींनी जन्मात खोटी माशी पाहिलेली नाही. हाताला जे येत होतं तेच त्यांनी बांधलं होतं, आणि ती सरळ सरळ फुलं होती. एक तर पांढुरकं, गोल, बोटाच्या पेराएवढं, बिनदेठाच्या कळीसारखं. मला हसू आलं. यशवंताला आलं नाही. त्याने तो द्रोण दोन्ही हातांनी धरून पेटीत ठेवला आणि मला म्हणाला की गुरुजी, वाटेत कुठेतरी कोंबडा पाहू.

छोटी गाडी आणि मोठी लॉरी

मूर्तिजापूरहून येणारी छोटी गाडी अंजनगावला थांबते आणि एलिचपूरला जाते. तिचा वेग असा की आबाजी मध्ये उतरून एका ओळखीच्या मळ्यात मिरचीवरचा रोग पाहून आले आणि परत बसले. याहून जास्त या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं नाही. एलिचपूर कँपात जेवलो. तिथल्या खानावळीत वरणात गूळ घालतात की नाही यावरून आबाजींचं आणि मालकाचं वाजलं, आणि मालकाने खरं सांगितल्यावर दोघं मित्र झाले.

पुढे सागवान आणायला वर जाणारी लॉरी मिळाली. घाट चढायला लागलो तशी झळ मागे पडली. खाली अकोल्याला या दिवसांत माणूस दुपारी वाळ्याच्या पडद्याआड बसतो. वर सगळीकडे पळस पेटलेला, आणि वळणावळणावर एक गोड, जरा आंबूस वास. आबाजींनी नाक वर केलं आणि सांगितलं, मोह पडून राहिला. लॉरीवाल्याने घाटाच्या माथ्यावर थांबून आम्हाला चिखलदऱ्याची कॉफी पाजली. साहेबांनी तिथे कॉफीची झाडं लावली आहेत. आबाजींनी एक घोट घेतला, पेला मला दिला आणि म्हणाले की झाड चांगलं असेल, पण हे त्याच्याकडून कोणी जबरदस्तीने करून घेतलेलं दिसतं.

सिपनेच्या काठी

यशवंताच्या एका ओळखीने सेमाडोहजवळच्या जंगल खात्याच्या बंगल्यात जागा मिळाली होती. तिथला चौकीदार सोमा, तिथल्याच कोरकू जमातीचा, पन्नाशीचा, हसरा. यशवंताने मांडीपर्यंतचे रबरी बूट चढवले तेव्हा सोमा त्यांच्याभोवती एक फेरी मारून आला. आबाजींनी एवढंच विचारलं की पाण्यात उतरायचं आणि पाय ओले होऊ द्यायचे नाहीत, तर मग उतरायचंच कशाला. यशवंताकडे उत्तर होतं, स्कॉटलंडचं पाणी बर्फासारखं असतं. पण हे मेळघाट होतं आणि चैत्र होता. तासाभराने त्याने बूट उलटे केले तेव्हा त्यातून पेलाभर पाणी निघालं. बूट गळके नव्हते. तो सगळा यशवंताचाच घाम होता.

नदी मात्र खरोखर सुंदर. डोह काळा, निवांत, काठाला मोठमोठे दगड, आणि एक डोह संपून दुसरा लागेपर्यंत मधे खळाळतं, गुडघाभर पाणी. यशवंत त्या पाण्यात उभा राहिला आणि काठी हलवू लागला. मागे, थोडं थांबून, पुढे. दोर हवेत उलगडत जायचा आणि शेवटी पाण्यावर असा टेकायचा की तरंग उठायचा नाही. त्याचं आता कोणाकडेही लक्ष नव्हतं, लग्नाकडेसुद्धा. चेहऱ्यावर वर्गात कधी न दिसलेली शांती. मला प्रथमच कळलं की हा मुलगा त्या दिवशी ओसरीवर वेड्यासारखा का बोलत सुटला होता. आबाजीही पाहत होते. वाफ्यात पाणी वळवताना ते जसे पाहतात तसेच, मान किंचित वाकडी करून.

मग मागे नेताना त्याच्या गळाने आबाजींचं पागोटं उचललं आणि पुढे आणताना डोहात ठेवलं.

पागोटं सोमाने काढलं. त्या दिवशीची एकूण शिकार अशी: एक पागोटं, एक पळसाची फांदी, माझं धोतर दोनदा. माशाने तोंडही दाखवलं नाही. कोंबड्याचं पीस सोमाने दिलं होतं. ते घराबाहेरचं आणि आपणहून गळालेलं, म्हणून आबाजींनी डोळे मिटून चालवून घेतलं. त्याची तपकिरी माशी झाली, मोराच्या पिसाची निळी झाली, तणमोराच्या पिसाचीही एक झाली. यशवंत प्रत्येकीचं विलायती नाव सांगायचा, पाण्यावर टेकवायचा आणि वाट पाहायचा. डोहात मासे होते, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. ते माशीच्या खालून जात आणि तिच्याकडे बघतही नसत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोमाला आमची दया आली. त्याने बायकोला हाक मारली, दोघांनी मिळून उथळ पाण्यात टोपली आडवी धरली, आणि अर्ध्या घटकेत आठ-दहा मासे घेऊन तो आमच्यापुढे हजर झाला. पाहिजेत तर घ्या, उगाच उन्हात काहून उभं राहायचं, असं त्याचं म्हणणं. यशवंत म्हणाला, हे चालणार नाही. सोमाने विचारलं, मग खायचे नाहीत का. नाही. मग धरायचे कशाला. यशवंत परत समजावून सांगू लागला, आणि आबाजी खुशीत आले. दोन दिवसांत त्यांना प्रथमच आपल्या बाजूचं कोणी भेटलं होतं. संध्याकाळी आबाजी आणि सोमा पायरीवर बसून यशवंताबद्दल बोलत होते. त्यांना वाटत होतं त्याला ऐकू जात नाही.

त्या संध्याकाळी यशवंत जेवला नाही. लॉरी दुसऱ्या दिवशी दुपारी परत जाणार होती आणि त्यानंतर अक्षय तृतीयेच्या आत वर येणं कोणाला जमणार नव्हतं. मी त्याला धीर दिला. खरं म्हणजे धीर मलाच नव्हता. सरूला काय सांगायचं, हे मनात रचत मी बसलो होतो, आणि कसंही रचलं तरी शेवटी बार्शीटाकळीचे बैल येतच होते.

तिसरा दिवस

पहाटे सोमा मोहफुलं वेचायला निघाला तसा मी आणि यशवंत त्याच्याबरोबर गेलो. आबाजी वरच्या अंगाला स्नान करून जपाला बसणार होते. खालच्या डोहावर एक मोठा मोह वाकलेला आहे. रात्रभर फुलं गळून पाणी त्यांनी भरलेलं. सोमाने टोपली टेकवली आणि बोटाने दाखवलं. फूल पाण्यावर पडे, जरा वाहत जाई, आणि खालून एक तोंड येऊन ते घेऊन जाई. एक, मग दुसरं. टप्, टप्. सगळा डोह न्याहारी करत होता.

"या दिवसांत हे मोहच खातात," सोमा म्हणाला. "माशी कोन खाईन?"

हे त्याने दोन दिवसांत सांगितलं का नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, कोणी विचारलं नाही. मासे पाहिजेत असं तुम्ही म्हणालात, ते मी आणून दिले, ते तुम्ही घेतले नाहीत. तो टोपली भरून बंगल्याकडे चहा टाकायला गेला.

यशवंत पेटीशी वाकला होता. त्याने पळसाचा द्रोण काढला आणि त्यातून ते पांढुरकं, गोल, सावरीच्या कापसाचं उचलून हातावर ठेवलं. शेजारी मोहाचं एक फूल ठेवलं. आम्ही दोघंही बघत राहिलो. माशी बांधायची म्हणून सरूने मन लावून जे बांधलं होतं ते हुबेहूब मोहाचं फूल होतं.

त्याने काठी जोडली. मागे, थांबून, पुढे. सरूचं फूल मोहाच्या फुलांत जाऊन पडलं आणि त्यांच्याबरोबर वाहू लागलं. एक हात गेलं, दोन हात गेलं. खालून तोंड आलं. टप्.

काठी वाकली, चाक किरकिरलं आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण लंगूर झाडावरून पळाले. मग मला आठवलं की हे सगळं ज्यांनी पाहायचं ते इथे नाहीतच. मी दगडांवरून वरच्या अंगाला धावलो. आबाजी ओल्या पंचाने, डोळे मिटून, हातात माळ घेऊन बसलेले. मी म्हणालो, लागला. त्यांनी डोळे न उघडता हाताने थांबा अशी खूण केली. माळ अर्धी व्हायची होती. मी खाली धावलो. मासा यशवंताच्या हातात, पाण्यात, आणि गळ आपोआप सुटलेला. मी त्याला म्हणालो, काही झालं तरी सोडायचा नाही. परत वर. आबाजींची पाऊण माळ झाली होती. माणसाने सत्यवादी असावं, पण नेमका त्याच वेळी भाविकही असावं का? परत खाली.

"गुरुजी, हा दमतोय," यशवंत म्हणाला.

मला एक युक्ती सुचली, आणि ती मला अजूनही चांगली वाटते. बुटात पाणी भरायचं आणि मासा त्यात ठेवायचा. मी त्याचा एक बूट धरून ओढायला लागलो. दोन दिवसांच्या घामाने तो पायाला चिकटून बसला होता. मी दगडाला पाय लावून सगळा जोर केला, आणि बूट निघाला. मी बुटासकट मागच्या मागे डोहात गेलो. टोपी मोहफुलांबरोबर वाहत निघाली. नाकातोंडातलं पाणी झाडून वर आलो तर यशवंत एका पायात बूट घालून वाकला होता. त्याच्या हातात मासा आडवा झाला होता, पोट वर. यशवंताने एकदा वरच्या अंगाला पाहिलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मासा सरळ केला, पाण्याच्या धारेकडे त्याचं तोंड धरलं आणि हात हळूच मोकळे केले. मासा थोडा वेळ तिथेच राहिला आणि मग गेला.

मी त्याला जे बोललो ते शिक्षकाला शोभणारं नव्हतं. मला सरूचा चेहरा दिसत होता.

आबाजी आले तेव्हा त्यांना दिसलं ते असं: एक मास्तर नखशिखांत भिजलेला, एक जावई होऊ घातलेला मुलगा एका बुटात, आणि मासा नाही. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचा विश्वास बसला की नाही, ते कळेना. त्यांनी न्याहारीला रोडगे करायचं काढलं. कणीक आणि वांगी घरची होतीच. यशवंताला गोवऱ्या आणायला बंगल्यावर पाठवलं, आणि तो दिसेनासा झाल्यावर माझ्याकडे वळले.

मासा केवढा होता, एवढंच त्यांनी विचारलं.

आता मी काय करायला हवं होतं? माझ्यासमोर सरूचं सगळं आयुष्य होतं. मी उजवा हात पुढे केला आणि डाव्या हाताने कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत दाखवलं. मग तेवढ्याने समाधान होईना म्हणून डावा हात थोडा मागे नेला. आबाजींनी मान डोलावली आणि वांगी चिरायला घेतली.

गोवऱ्या पेटल्या, त्यांचा लाल आर झाला, रोडगे आत गेले, सोमाही चहा घेऊन येऊन बसला. यशवंत समोर बसला तेव्हा आबाजींनी त्यालाही तोच प्रश्न विचारला. मी आबाजींच्या मागे उभा होतो. मला खुणावता आलं असतं, पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

यशवंताने अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. मग त्या वितीकडे स्वतःच पाहिलं, विचार केला, आणि करंगळी थोडी आत ओढून घेतली.

आबाजी चिमट्याने रोडगे परतत होते. त्यांनी ते सगळे एका बाजूने परतून होईपर्यंत वेळ घेतला.

"तो हातात ठेवला असता तं पोरगी तुवी होती," ते म्हणाले. "हे तुले ठाऊक होतं ना?"

यशवंताने होय म्हणून मान हलवली.

"मंग काहून सोडला?"

विलायतेहून आल्यापासून यशवंत छापील बोलतो. आबाजींशी तर तो नेहमी पुस्तकातली वाक्यं जुळवूनच बोलत असे. त्या क्षणी ती जुळली नाहीत.

"दम सुटून राहिला होता त्याचा, आबाजी," तो म्हणाला. "मले पायवलं नाई."

आबाजींनी पागोटं काढलं आणि मांडीवर ठेवलं. मग ते माझ्याकडे पाहून म्हणाले की मास्तर, मुहूर्त भटजींनाच काढू द्या, तुम्ही मधे पडू नका, तुमचं माप फार सैल आहे. मी ओल्या धोतरात खाली मान घालून उभा राहिलो. इतका आनंद मला परीक्षेच्या निकालालाही कधी झाला नव्हता. पण तो दाखवायची सोय नव्हती.

पळसाची पानं मांडली गेली. आबाजींनी आरातून पहिला रोडगा काढला, झटकला, फोडला, त्यात तुपाची धार धरली आणि ते पान सगळ्यांच्या आधी यशवंतापुढे सरकवलं. सोमा, मी, खुद्द आबाजी, सगळे त्याच्याहून वडील. आमच्या माळ्यांच्या पंगतीत पहिलं पान जावयाचं असतं. विलायतेत दोन वर्षं राहिलेल्या त्या पोराला हे आठवलं तेव्हा त्याचा अर्धा रोडगा खाऊन झाला होता.